नटावरची पिवळी रेघ

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी धुळाप्पा मेटकरी एका मागाखाली उताणे पडले होते. अक्कलकोट रोडवरच्या औद्योगिक वसाहतीतला हा टॉवेलचा छोटा कारखाना. बाकीचे माग धडधडत होते. हा एकच बंद होता, कारण आदल्या दिवशी मालकाने तो स्वतः दुरुस्त केला होता.

"हात कुणी लावला ह्याला?" खालून धुळाप्पांनी विचारलं.

"कुणी नाही," मालक गुरुशांत म्हणाले. "आपोआप सैल झालं असेल."

धुळाप्पांनी बॅटरीचा उजेड नटावर धरला. नटावरून खालच्या लोखंडावर गेलेली पिवळ्या ऑइल पेंटची बारीक रेघ मधोमध तुटली होती. अर्धी रेघ नटावर होती आणि उरलेली अर्धी बोटभर बाजूला लोखंडावर.

"सैल न्हाय मालक. आवळलाय ह्यो."

गुरुशांतनी खिशातला मोबाइल चाचपला. "मोबाइलवर बघून केलं. एवढ्यासाठी तुम्हाला कशाला बोलवायचं म्हटलं."

"मागावरनं धोटा उडून कुणाच्या डोळ्यात गेला असता की बोलवलं असतं. मला न्हाय, ॲम्ब्युलन्सला." धुळाप्पा पाना घेऊन पुन्हा मागाखाली गेले. "जॉबरला बोलवायचं की मालक. आमी कशाला हाय मग?"

माग बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या कारागिराला इथे जॉबर म्हणतात. धुळाप्पा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. सांगोला तालुक्यात वडिलांची मेंढरं होती. ती विकली गेल्यावर ते सोलापुरात आले आणि एका जुन्या जॉबरच्या हाताखाली लागले. तो हाताने चांगला होता, पण काम संपवताना एक नट मुद्दाम थोडा सैल सोडायचा, म्हणजे पंधरा दिवसांत पुन्हा बोलावणं येई. धुळाप्पा त्याच्याकडून काम शिकले आणि कारागिरावर विश्वास ठेवायचा नाही, हेही शिकले. स्वतः ते असला सैल नट कधी सोडत नाहीत. उलट प्रत्येक नट आवळला की त्यावर पिवळी रेघ ओढतात. नंतर कुणी हात लावला तर रेघ सांगते.

घरी त्यांनी कुठल्याच कारागिराला पाऊल टाकू दिलं नाही. मिक्सर, गॅसची शेगडी, पत्रे, पाण्याची मोटर, सगळं त्यांच्या हातचं. बारा वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा वायरिंगही त्यांनीच केलं. एकदा शेगडीसाठी कंपनीचा माणूस दारात आला, तर त्याच्या पिशवीत काय काय आहे हे बघितल्याशिवाय धुळाप्पांनी त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. तो माणूस शेगडी न बघताच परत गेला.

दिवाळीच्या सुमारास त्यांच्या पत्नी मायाक्का म्हणाल्या, की नळाला हात लावला की मुंग्या येतात. त्यांच्या गल्लीत चार दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी एकीकडे हौदातलं पाणी मोटरने वरच्या टाकीत चढवायचं आणि दुसरीकडे नळावर घागरी भरायच्या, अशी त्यांची घाई असते.

"शुगर आसंल," धुळाप्पा म्हणाले. रक्त तपासलं. शुगर नव्हती. धुळाप्पांना लॅबचा संशय आला. दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं. तिथेही नव्हती. मग त्यांनी टेस्टर आणला, आधी मोटर बंद केली आणि नळाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही.

मोटर आधी बंद करणं हा त्यांच्या हाडात मुरलेला नियम. चालत्या मागात जॉबर हात घालत नाही. घातला तर बोटं जातात, आणि कारखान्यात अशी माणसं त्यांनी पाहिली आहेत.

"नळात कायबी न्हाय. तुज्या मनात हाय," त्यांनी सांगितलं. तरी त्यांचं स्वतःचं मन स्वस्थ नव्हतं. दसऱ्याच्या आधी गल्लीतली जुनी लोखंडी पाइपलाइन काढून प्लास्टिकची टाकली गेली होती. कंत्राटदाराच्या पोरांनी काहीतरी करून ठेवलं असणार, असं त्यांनी धरलं. नंतर शेजाऱ्याच्या मोटरवर संशय घेतला. पाण्याच्या दिवशी ते भिंतीपलीकडे कान लावून उभे राहू लागले.

गेल्या पाण्याच्या पाळीला मायाक्कांनी भरलेली घागर उचलताना नळाला टेकवली आणि त्या मागे फेकल्या गेल्या. कोपर हौदाच्या कडेवर आपटलं. धुळाप्पांनी धावत जाऊन मोटरचं बटण बंद केलं. मायाक्का बराच वेळ ओल्या फरशीवर बसून राहिल्या.

"मी बगतो," धुळाप्पा म्हणाले.

"बगितलं की तुमी. दिवाळीपास्नं बगतायसा." त्या कोपर धरून उठल्या. "मालकाला सारखं काय म्हंता वो? जॉबरला बोलवायचं की. मग आमी कुणाला बोलवायचं? वायरमननं हात लावल्याबिगर ही मोटर चालू व्हणार न्हाय. पाणी हापशाचं आणीन मी."

त्यांनी स्वतःच फोन केला. संध्याकाळी इलाहीबक्ष शेख आले. लायसनचे वायरमन, धुळाप्पांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. ते यायच्या आत धुळाप्पांनी बोर्डाच्या प्रत्येक स्क्रूवर पिवळी रेघ ओढून ठेवली होती. इलाहीबक्षनी बोर्डाला हात लावला आणि बोटाला लागलेला ओला रंग बघितला.

"मामा, बोर्ड रंगवायला काढलाय काय?"

"खूण हाय ती."

"चोर धरायची?"

"व्हय."

"धरा. आधी मोटर चालू करा."

"चालू ठेवून तपासत्यात व्हय?" धुळाप्पांना लगेच शंका आली. "आदी बंद करायचं."

"मेलेल्याची नाडी बघून दुखणं कळतं का मामा? करा चालू."

मोटर चालू झाली. इलाहीबक्षनी नळाला टेस्टर लावला आणि टेस्टरचा दिवा लागला. मोटर बंद केली, दिवा गेला. पुन्हा चालू केली, दिवा लागला; मग मोटर बंदच ठेवली. धुळाप्पा वाकून बघत होते. बोर्डाचा एकही स्क्रू न काढता इलाहीबक्ष मोटरपासून निघालेल्या हिरव्या वायरमागे चालत गेले. ती न्हाणीघराच्या मागे नळाच्या लोखंडी पाइपला पट्टी लावून आवळलेली होती.

"अर्थिंग पाइपला दिलंय. कुणी केलं हे?"

"त्या कंत्राटदाराच्या पोरांनी," धुळाप्पा म्हणाले. "आमच्या मागारी."

मायाक्का पुढे झाल्या आणि त्यांनी पट्टीवरची धूळ पदराने पुसली. खाली पिवळी रेघ होती. फिकी झालेली, पण नटावरून पट्टीवर सलग गेलेली.

"रेघ तर हाय तशी हाय," त्या म्हणाल्या.

धुळाप्पांनी आपल्याच रेघेवरून अंगठा फिरवला. बारा वर्षांपूर्वी त्यांनी कारखान्यात बघितलं तसंच घरी केलं होतं. तेव्हा पाइप लोखंडी होता, तो जमिनीत लांबवर जात होता आणि गळणारा करंट त्यातून मातीत मुरत होता. आता घराबाहेरचा पाइप प्लास्टिकचा आहे. मोटर आतून जुनी होऊन तिच्या अंगावर करंट उतरू लागला, तो हिरव्या वायरने पाइपवर आला आणि जमिनीत जायला वाट न उरल्यामुळे नळापाशी थांबून राहिला. नळाला ओल्या पायांनी हात लावणारी घरात एकच व्यक्ती होती.

काल इलाहीबक्षनी परसात खड्डा घेतला. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा घालून नवं अर्थिंग केलं, मोटरची गुंडाळी बदलून आणली आणि करंट गळताच आपोआप पडणारा स्विच बसवला. धुळाप्पा कामावर गेले नाहीत. खड्ड्याशेजारी स्टुलावर बसून होते. तांब्याची पट्टी त्यांनी खिळ्याने खरवडून बघितली. मीठ जिभेवर ठेवून बघितलं.

"कोळसा पण खाऊन बघा," इलाहीबक्ष म्हणाले.

शेवटचा नट आवळल्यावर धुळाप्पांनी रंगाचा डबा काढला.

"ओढा रेघ," इलाहीबक्ष म्हणाले. "पण दर वर्षी मला बोलवून मापून घ्यायचं. रेघ म्हणजे कुणी हात लावला नाही एवढंच. काम बरोबर हाय का चूक, ते ती सांगत नाही."

धुळाप्पांनी रेघ ओढली. पुढच्या वर्षीच्या बोलावण्याचं त्यांनी अजून कबूल केलेलं नाही. दर वर्षी यायचं म्हणजे त्यात इलाहीबक्षचा काय डाव, हे त्यांनी आज मागाखालून बाहेर येताच गुरुशांतना विचारलं. गुरुशांत हसले.

मायाक्कांचं कोपर अजून सुजलेलं आहे. नळावर आता कुणी उभं राहायचं, हे त्यांनी कालच सांगून टाकलं.

उद्या गल्लीत पाण्याची पाळी आहे. पाणी सव्वासहाला येतं. मोटरचं बटण मायाक्का दाबतील आणि नळाला हात धुळाप्पांचा असेल. आठ वाजता त्यांना कारखान्यात हजर व्हायचं आहे.