शनिवारी अकरा वाजताचा निरोप

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. देवासमोरही नाही — तिथे हात जोडते आणि दुसरंच काही पुटपुटते. आता वहीत लिहितेय, एखादी मैत्रीण समोर बसली आहे असं समजून. अक्षर वाकडं येईल. चौथीनंतर लिहिलं ते वाणसामानाच्या यादीपुरतंच.

अमेरिकेत, एडिसनला मुलाकडे येऊन बारा वर्षं झाली. मुलगा-सून आठला कामावर जातात. मग दाराची बेल वाजली की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते, माणूस निघून जाईपर्यंत. इंग्रजी येत नाही, खरं आहे. पण मराठीत तरी मी कुठे बोलते? माझ्या वतीने बोलायची ती माझी नात, सई. डॉक्टरला माझे गुडघे तीच सांगायची. शाळेतून आली की दप्तर टाकून आधी विचारायची, "आजी, आज कोणाला घाबरलीस?"

"पोस्टमनला," मी म्हणायचे. मग दोघी हसायचो.

बारावीला तिने कॉलेजांचे अर्ज भरले. मनात एकच होतं — विमानाने सहा तास लांबचं. तिथे अशी पद्धत, की तिथूनच शिकून गेलेलं, आपल्या भागात राहणारं कुणीतरी मुलाला बोलावतं, गप्पा मारतं आणि मूल कसं आहे ते कॉलेजला कळवतं. सई त्या बोलावण्याची वाट बघत होती. आरशासमोर बोलायचा सराव करायची. मी पलंगावर बसून ऐकायचे — शब्द कळायचा नाही. ही गेली तर? मग माझं कोण बोलेल?

अर्जावर माझ्या मुलाने घरचा नंबर घातला होता. सईचा फोन शाळेत बंद, आपला मीटिंगमध्ये, आई घरी असतेच — एवढाच त्याचा विचार.

मी फोन उचलत नाही. पण ती वेळ कराडहून बहिणीचा फोन यायची होती, म्हणून उचलला. पुरुषाचा आवाज. आधी इंग्रजी. मी "कोण?" म्हटल्यावर एकदम मराठी — "आजी, नमस्कार!" किती गोड बोलला गं. कॉलेजच्या भेटीसाठी सईने शनिवारी अकरा वाजता लायब्ररीत यावं, एवढा निरोप द्याल का?

मी म्हणाले, "तिला नाही यायचं. तिचं इथलंच ठरलंय."

जन्मात इतकं स्पष्ट मी कधी बोलले नव्हते. कुठून आला तो आवाज?

"नक्की ना, आजी?"

"नक्की."

गोऱ्या माणसाने सईलाच विचारलं असतं. हा आपला — घरातल्या मोठ्या माणसाचा शब्द त्याने खाली पडू दिला नाही.

पुढे नकार आला. "मला भेटायलाही बोलावलं नाही गं," सई म्हणाली, "कागदावरच नापास झाले." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. याच हाताने फोन धरला होता — जाऊ दे. ती जवळच्या कॉलेजात गेली. घरीच राहिली.

तेव्हापासून मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी "आजी, नमस्कार" म्हटलं की मी गर्दीत मागे सरकायचे. तोच असेल? सईसमोर बोलेल? शेवटी जाणंच बंद केलं, गुडघ्यांचं कारण सांगून. सईने लगेच डॉक्टरची वेळ घेतली.

आता तिला नोकरी आहे. आणि तिच्या कॉलेजसाठी ती स्वतःच अशा मुलांना भेटते. गेल्या आठवड्यात जेवताना म्हणाली, एका मुलाच्या आईने परस्पर नको सांगितलं.

मी घाबरत विचारलं, "मग?"

"मग फॉर्मवर लिहायचं, मुलाने भेटायला नकार दिला. पण मी त्यालाच मेसेज केला, आजी. त्याला माहीतच नव्हतं!"

हातातला घास मी ताटात परत ठेवला. इतकी वर्षं मला वाटत होतं, एक निरोप पोचला नाही, एवढंच. तसं नव्हतं. तिच्या नावापुढे लिहिलं गेलं असणार — हिनेच नको म्हटलं. ज्या भेटीसाठी ती आरशासमोर उभी राहायची, त्या भेटीला.

ती आजवर माझ्या वतीने बोलत आली. मी तिच्या वतीने एकदाच बोलले.

गराजचं दार वाजतंय. आली ती. वर येईल आणि विचारेल, आज कोणाला घाबरलीस. मी पोस्टमनला म्हणेन.