डच आजोबांची लॅब

हे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. ग्रीनहाउसमधल्या तणासारखे आपोआप माजले! दोन हजार चारच्या सुमाराला आम्ही अमेरिकेत कॅरी नावाच्या गावात राहायचो आणि युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये संध्याकाळी उमलणाऱ्या एका पिवळ्या फुलझाडाच्या पिढ्या वाढवायचो.

शंभरएक वर्षांपूर्वी एका डच वनस्पतिशास्त्रज्ञाला हेच झाड बटाट्याच्या ओसाड शेतात दिसलं होतं. मधूनच एखादं रोप भावंडांपेक्षा अगदी निराळं! नवा गुण असा एकदम उडी मारून येतो आणि पुढच्या पिढीत उतरतो, असं त्यांनी मांडलं. त्याला म्युटेशन हे नाव दिलं. दाढीवाले डच आजोबा आमच्या भिंतीवर फोटोत होते.

एका नव्या पोरीने शहाणपणा केला, "पण आजोबांची बरीचशी म्युटेशन्स खरी नव्हतीच ना? या झाडाचे क्रोमोसोमच विचित्र!"

आमच्या प्रोफेसर, सत्तरीच्या अमेरिकन बाई, शांतपणे म्हणाल्या, "झाड चुकलं, मुद्दा बरोबर निघाला. तुझं उलटं होऊ देऊ नकोस!"

या बाईंनी घरासमोरही हीच झाडं लावलेली. कॉलनीचा सेक्रेटरी तक्रार घेऊन आला, "हे तण काढा."

"या तणाच्या सात पिढ्या मला पाठ आहेत. तुम्ही तुमच्या पणजोबांचं नाव सांगा बघू!" बिचारा गेला परत.

आमच्यातला शिरीष नागपूरचा, भलताच भाबडा. दुसऱ्या झाडाचे पराग येऊ नयेत म्हणून कळ्यांना कागदी पिशव्या घालायचं काम त्याच्याकडे होतं. अमेरिकेतल्याच पार्सिपनी गावाहून एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. काय करता, विचारल्यावर हा म्हणाला, "पिशव्या घालतो."

"हो का? होलसेल की रिटेल?" झालं, स्थळ गेलं!

त्याच शिरीषला एक दिवस सुरकुतलेल्या पानांचं रोप सापडलं. एकच! "यार, या आईची पोरं अशीच निघाली तर माझी पीएचडी. नाहीतर तीन वर्षं पाण्यात." तो त्या झाडाला रोज गुड मॉर्निंग करायचा.

तेवढ्यात त्याची आई आली. शनिवारी सकाळी तिला ग्रीनहाउस दाखवलं आणि हा कॉफी आणायला गेला. परत येतो तर काकूंच्या रुमालात त्याच झाडाची सगळी फुलं!

"किती रे गुणी माझं लेकरू! देवासाठी फुलं कागदात झाकून ठेवलीस!"

शिरीष ओरडला, "आई, ती माझी पीएचडी होती गं!"

काकू दिवसभर जेवल्या नाहीत. बाई मात्र भिंग घेऊन झाडापाशी गेल्या. काकूंनी फुलं अलगद वरच्या वर खुडली होती, खालचे बीजकोश झाडावरच होते. "ही जात उमलण्याआधीच स्वतःच्या परागांनी फळते. थांबून बघू."

बीजकोश भरले. बी पेरलं तोवर काकू नागपूरला परतल्या होत्या. एक एक पान फुटू लागलं, आणि प्रत्येक रोपावर तीच सुरकुती! बाईंनी शिरीषला मिठीच मारली. तो भारतात फोन करायचं कॉलिंग कार्ड घेऊन धावला. स्पीकर लावला, आम्ही सगळे भोवती.

"आई!" तो ओरडला. "सगळी रोपं आईवर गेली गं! अगदी एकूण एक!"

पलीकडून काकू म्हणाल्या,

"अरे, लेकरं आईवर गेली हे बघायला तू अमेरिकेत गेलास?"