दुपट्यासकट उचलायचं

आमच्या ओपीडीत किस्से एक्स-रेच्या पाकिटांसारखे साठतात. टाकून देववत नाहीत आणि ठेवायला जागा नाही! नाशिकला लहान मुलांच्या हाडांच्या विभागात मी फिजिओथेरपिस्ट आहे. कधीतरी अशी बाळं येतात, ज्यांची हाडं जन्मापासूनच ठिसूळ असतात. दोष जनुकांतला, आजार दुर्मिळ. लंगोट बदलताना पाय वर उचलला तरी मांडी मोडते. सुरगाण्याकडच्या हिराची चिमी त्यातलीच.

*

चिमी पहिल्यांदा आली तेव्हा दोन महिन्यांची. एक्स-रेत चार जुनी फ्रॅक्चर्स! आधीच्या एका डॉक्टरांनी तर बापालाच दरडावलं होतं, "खरं सांग, पोरीला मारतोस का?"

बाप म्हणाला, "मारायचं ऱ्हाऊ द्या साहेब, हिचा तर मुकाबी घ्यायची भीती वाटते!"

*

मी हिराला शिकवलं. काखेत हात घालायचा नाही, दुपट्यासकट उचलायचं. छातीशी धरायचं नाही, बरगड्या मोडतील. दूध पाजतानाही बाळ गादीवर आणि आई ओणवी.

सासू दारातून ऐकत होती. "म्हंजे लांबूनच बघायची? मग मोबाईलमधी फोटो ठेवला तरी चालंल की!"

आम्ही सगळे हसलो. हिरा हसली नाही. "मॅडम, छातीशी कधी धरायची?"

"औषध सुरू केलंय ना, बघू," मी म्हणाले. साफ थाप! ही वर्ष काढायची नाही, हे डॉक्टरांनी मला सकाळीच सांगितलं होतं.

*

ओपीडीला यायचं म्हणजे खचाखच भरलेली जीप. प्रत्येक बाई हात पुढे करणार, "दे गं इकडं, मी घेते!" आजार सांगितला तर कुणी ऐकेना. शेवटी हिरानं ठोकून दिलं, "देवीचा नवस हाय. वरीसभर हिला कुणी शिवायचं नाय."

ड्रायव्हरशेजारची अख्खी सीट रिकामी झाली!

डॉक्टर म्हणाले, "माझ्या डिग्रीपेक्षा हा नवस बरा."

*

मग एकदा चिमी दोन्ही नडग्या मोडून आली. हिरा पाण्याला गेली असताना सासूनं पोरीला पायांवर घेऊन तेल चोळलं होतं. मालिश नाही म्हणून हाडं कच्ची राहिली, अशी तिची पक्की समजूत! माझं डोकंच फिरलं. भर ओपीडीत ओरडले, "आजी, किती वेळा सांगितलं होतं?"

"लय हलक्या हातानं चोळलं गं बाई. पाच पोरं ह्याच हातांनी वाढवली."

आणि म्हातारीनं दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "आता हेच बांध प्लास्टरमधी."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ओरडून मी काय मिळवलं, देव जाणे.

*

थंडीत चिमीला न्यूमोनिया झाला. त्या एवढ्याशा बरगड्यांना श्वास पेलेना. आम्ही काहीसुद्धा करू शकलो नाही, काहीसुद्धा नाही. दुपारी गेली.

सिस्टरनं नळ्या काढल्या. हिरा कॉटपाशी उभी होती, रडतसुद्धा नव्हती. माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, आता छातीशी धरू?"

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हो, पण आधी मानेखाली हात घाल."

तिनं घातला.