चिंधाआप्पांची खडूची रेघ

आमच्या उधन्याच्या सोसायटीत कुणाची मोरी तुंबली, की गटार उपसणाऱ्याच्याही आधी चिंधाआप्पांना बोलावणं जायचं. घरं भिंतीला भिंत लावून. एकाची गटार मोकळी करायची तर दुसऱ्याचा ओटा फोडावा लागायचा, आणि तेवढ्यावरून चांगले शेजारी वर्षवर्ष एकमेकांशी बोलायचे नाहीत. आप्पा मूळचे पारोळ्याकडचे, लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाला. त्यांचे नियम ठरलेले होते. शेजाऱ्याला आदल्या दिवशी विचारायचं. तो समोर उभा असताना खडूने रेघ मारायची, रेघेबाहेर पहार न्यायची नाही. फोडलेलं होतं तसं स्वतः करून द्यायचं. माझी मोरी तुंबली तेव्हा मला त्यांनी शेजाऱ्याच्या ओट्याची कड तीनदा बांधायला लावली होती. तिसऱ्या वेळी मी मनातल्या मनात काय काय म्हणालो, ते इथे लिहायची सोय नाही.

शहाण्णव सालच्या श्रावणात, कानबाई बसायला दोन दिवस उरले असताना, खुद्द आप्पांची मोरी तुंबली. खान्देशी घरात कानबाई येणार म्हणजे घर धुऊन-रंगवून लख्ख केलेलं असतं. आप्पांकडे तर जिथे देवीचा चौरंग मांडायचा, तिथपर्यंत काळं पाणी आलं. शहरात प्लेग येऊन गेल्याला दोन वर्षं होत आली होती, तरी तसलं पाणी पाहिलं की गल्ली आधी पोरांना घरात ओढायची. सुभद्राबाई, म्हणजे आप्पांच्या मंडळी, फडकं हातात घेऊन रडायच्या बेतात होत्या.

आप्पांनी बांबूची लांब पट्टी पाइपात सारली. ती शेजारच्या भिंतीपलीकडे जाऊन अडली. मी म्हणालो, "आप्पा, तिकडे तर इंदुबाईंचं स्वयंपाकघर आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि खालीच बसले.

मग सगळं बाहेर आलं. आप्पांनी घर बांधलं तेव्हा शेजारचा प्लॉट रिकामा होता. जवळचा रस्ता म्हणून त्यांनी पाइप सरळ त्या प्लॉटखालून मागच्या गटारीला नेला. पुढे परभणीकडची इंदुबाई आणि तिचा नवरा आनंदा यांनी तिथे पाया खणला. आज सांगू, उद्या सांगू करता करता वर घर उभं राहिलं. मला असा संताप आला म्हणता! माझ्याकडून ओट्याची कड तीनदा, आणि हा माणूस सात वर्षं गप्प!

तरी मी त्यांच्याबरोबर गेलो. इंदुबाई साडीला टिकल्या लावत बसली होती. असल्याच साड्यांवर दोन वर्षं डोळे फोडून तिने उन्हाळ्यात स्वयंपाकघरात कोट्याची फरशी घातली होती.

आप्पांनी सांगितलं. तिने सुई खाली ठेवली. "तुम्हाला ठाव होतं?"

"होतं."

"मंग सांगितलं का नाही? गल्लीला शिकवता ना तुम्ही?"

"मनीच चूक शे, बाई," आप्पा म्हणाले. चूक पदरात घेताना गडबडले, आणि गडबडले की ते घरच्या अहिराणीवर यायचे.

तिने दार लावून घेतलं. त्या दिवशी आप्पा जेवले नाहीत. कुणाच्याही ओट्यावर आता कोणत्या तोंडाने उभं राहू, एवढंच म्हणत होते.

शनिवारी सकाळी इंदुबाईनेच हाक मारली. "देवी बसायच्या घरात ते पाणी बरं नाही. या. पण नियम तुमचेच. मी इथं उभी ऱ्हाते, तुम्ही रेघ मारा."

आप्पांनी खडू घेतला. रेघ वाकडी आली. तिने फडक्याने पुसून पुन्हा मारायला लावली. मला, खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

दोन फरश्या अखंड निघाल्या, तिसरी फुटली. खाली पाइप चेपलेला, आणि त्याच्यावर इंदुबाईच्या गवंड्याने टाकलेला सिमेंटचा गड्डा. मी लगेच ओरडलो, "बघा! चूक हिच्या गवंड्याची!"

"त्याला पाइप कुठे आहे ते सांगितलं होतं कुणी?" आप्पा माझ्यावरच खेकसले. "उगा तिच्यावर ढकलू नको."

इंदुबाईने कोपऱ्यात स्टोव्ह पेटवला आणि चहा ठेवला.

पाइप बदलून झाला. फुटक्या फरशीचा तुकडा पिशवीत घालून आप्पांनी उधन्यातली दुकानं पालथी घातली. रंग जुळेना म्हणून भेस्तानपर्यंत गेले. दिवेलागणीला फरशी बसवून त्यांनी तिच्या हाताने वर तांब्याभर पाणी ओतवलं. थेंब साचला नाही.

रविवारी कानबाई बसली. गल्ली दर्शनाला लोटली, गाण्यांनी घर भरलं. गर्दी जरा पांगल्यावर इंदुबाई आली. नवं लुगडं, हातात नारळ. सगळे सरळ आत शिरले होते. ती मात्र उंबऱ्याबाहेर थांबली आणि आप्पांकडे बघून म्हणाली, "आप्पा, येऊ का आत?"

सबंध गल्लीला विचारायला शिकवणारा माणूस उपरण्याने डोळे पुसत राहिला. शेवटी सुभद्राबाईंनीच पुढे होऊन तिचा हात धरला.