आंबोलीतलं छत्र्यांचं घर

वयनी, दादाची बायको, गेली तेव्हा दादा तिच्या उशाशी होता आणि मी पायथ्याशी. आम्ही दोघे सख्खे भाऊ, पण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. गेल्या चवथीच्या गणपतीपासून दादानं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. याला महिने झाले... आता त्याचाही थकवा आलाय.

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला पहिला मी, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. त्यामुळे सरकारी कागद आणि डॉक्टर, दोन्ही माझ्याकडे. पावसाळ्यात वयनीला बेळगावला मीच नेलं. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून मला सांगितलं, आता औषधानं दुखणं तेवढं कमी राहील, बाकी काही होण्यासारखं नाही. परतीच्या एस्टीत मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

आंबोलीत गाडी थांबली. पुढे घाटात झाड पडलेलं. टपरीवाला म्हणाला, "हंय बसान काय करतल्यात? ता छत्र्यांचा म्युझियम तरी बघून येवा."

"छत्र्यो बघूक कोण जाता?" वयनी म्हणाली, आणि पुढे चालू लागली तीच.

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या राहत्या घरात पावसाच्या वस्तू जमवल्या होत्या. बांबूची इरली, घोंगडीच्या खोळी, आणि आढ्याला टांगलेल्या कितीतरी छत्र्या, सगळ्या उघड्या. वयनी उंबऱ्यातच थबकली. घरात कुणी छत्री उघडली की पोरांच्या पाठीत धपाटा घालणारी बाई ती. घरात छत्री उघडली की वाईट घडतं, यावर तिचा पक्का विश्वास.

"घाबरू नका. कित्येक वर्षं उघड्याच आहेत, घर अजून उभं आहे," गृहस्थ म्हणाले.

"आणि घरकारीण?"

"तीही आहे. रोज या पुसते आणि मला शिव्या घालते."

वयनी हसली. त्यांनी निळ्या फुलांची एक जुनी छत्री तिच्या हातात दिली, उघडून बघा म्हणाले. "नको, नको," मी घाईनं म्हटलं.

"रवांदे, भावजी. आता आणखी काय वायट होवचा रवला?"

तिनं छत्री उघडली. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"यवडे शिकल्यात, पण तोंड लपवूक शिकूक नाय," ती म्हणाली. "चवथ होवंदे. तवसर घरात कोणाक सांगू नकात. मगे मीच सांगतलंय." आणि छत्रीखाली उभी राहून ती दांडा गोल फिरवत राहिली, मुलीसारखी.

चवथीला तिनं खोबऱ्याच्या नेवऱ्या तळल्या, पोरींना फुगड्यांना ओढलं. दादा आरतीला टाळ घेऊन गळा फाडत होता. गणपती पोचवल्यावर तिनं त्याला सांगितलं. तो माझ्याकडे आला. "तुका म्हायत होता, आणि माका सांगूक नाय?" मी म्हटलं, तिचा शब्द होता. त्याला ते पटलं नाही. त्याचे ते दिवस मी चोरले, असं त्याला वाटत होतं. मला वाटतं, तेवढेच दिवस तिनं त्याला दिले. दोन्ही खरं असेल...

आंबोलीचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. परवा तो पडवीत एकटा बसला होता. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"छत्री उगडल्यान? घरात?"

"उगडल्यान."

"आणि हसली?"

"हसली."

तो उठून आत गेला, खुंटीवरची तिची छत्री घेऊन आला. बाहेर कडक ऊन होतं.

"ता घर दाखव माका," तो म्हणाला. "ही थंय ठेवया. उगडी."