ओठ हलव

"तू फक्त ओठ हलव. आवाज काढू नकोस."

रंगीत तालमीत, सगळ्यांसमोर, गाणं बसवणाऱ्या मॅडम मला म्हणाल्या. धरमपेठेतला त्यांचा हॉल. आमचा वाद्यांशिवाय गाणारा गायनवृंद. अर्धा कार्यक्रम युरोपातल्या जुन्या चर्चसंगीताचा, अर्धा आजच्या संगीतकारांचा. खालच्या सुरात गाणाऱ्या बायकांच्या रांगेत मी उभी. कोणी वर पाहिलं नाही. शेजारची बाई फाईल चाळत राहिली.

कारणही दिलं त्यांनी. "तुझा आवाज उघडा आहे. तुमच्याकडच्या गाण्यांचा. जुन्या संगीतात तो मिसळत नाही."

तुमच्याकडच्या. पहिल्या दिवशी आडनाव विचारून घेतलं होतं, तेव्हाच हा शब्द ठरला असावा. नव्या रचनेत कुजबुज होती, चुटक्या होत्या, नुसते श्वास होते. तिथं चालशील म्हणाल्या. म्हणजे गाणं नसेल तिथं मी गायचं.

मी ऐकून घेतलं. आठवडाभर बुटीबोरीच्या कापडगिरणीत यंत्रांचा खडखडाट आणि रविवारी हे सूर, एवढंच माझं सुख होतं. ते जाईल म्हणून भ्याले.

कार्यक्रमाला आई आली. वस्तीतल्या विहारात तिच्या मागे उभी राहूनच मी गायला शिकले. माईक नसायचा. आवाज दारातल्या चपलांपर्यंत गेला पाहिजे, हा तिचा दंडक. पांढरी साडी नेसून ती तिसऱ्या रांगेत बसली होती. मी तोंड उघडत होते, मिटत होते. दोन्ही बाजूंनी सूर वाहत होते आणि मधे मी कोरडी. एवढं एकटं मला रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं.

परतताना ऑटोत आई खुशीत होती. म्हणाली, "तेवढ्या सगळ्यातून तुहा आवाज मी बरोबर ओळखला वं. शेवटी लांब धरला होता ना, तो तुहाच होता."

तो शेजारच्या बाईचा होता.

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. आईनं एवढंच विचारलं, "काहून हलवले वं ओठ?"

मॅडमचा राग आलाच, पण त्याहून जास्त माझा मला आला.

पुढच्या रविवारी मॅडमनी सूर दिला आणि मी गायले. पूर्ण आवाजात, चपलांपर्यंत. त्यांनी सगळ्यांना थांबवलं, माझ्याकडे पाहत स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. शेजारची हातभर सरकली.

मी म्हणाले, "आता नुसते ओठ हलवणार नाही. गाईन, नाहीतर तोंड मिटून उभी राहीन. मला काढायचं तर काढा. पण कारण सगळ्यांसमोर सांगा."

एवढे गळे त्या हॉलमध्ये, पण कोणी खाकरलंसुद्धा नाही. मॅडमनी पुढचं पान काढायला सांगितलं.

मी अजून जाते. माझ्या दोन्ही बाजूंना जागा सुटलेली असते. माझ्याशी कोणी बोलत नाही. खुपतं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या कार्यक्रमालाही आई तिसऱ्या रांगेत बसणार आहे. तिला माझा आवाज ऐकू येईल, नाहीतर माझं मिटलेलं तोंड दिसेल. तिसरं काही नाही.