पुतळीचं शेत

जैतूच्या दुकानात जपान, अमेरिका आणि युरोप एकाच फळीवर बसलेले असायचे आणि तिघांवरही जव्हारची लाल धूळ सारखीच साचायची. दुकान म्हणजे एसटी स्टँडमागच्या गल्लीतली पत्र्याची टपरी. पाटीवर 'रेडिओ, टीव्ही, टेप रिपेअर' असं लिहिलेलं, पण आत टीव्हीपेक्षा व्हिडिओ गेमच जास्त. मी पहिल्यांदा गेलो तो शाळेचा टेपरेकॉर्डर घेऊन. टेप लगेच सुरू झाला, पण जैतूनं फळीवरची एकेक वस्तू काढून दाखवायला घेतली आणि माझी घरी जायची मोखाड्याची गाडी चुकली. तेव्हापासून शाळा सुटली की मी तिथं बसायला लागलो. माझे सहकारी मला हसायचे, गुरुजींना म्हातारपणी गेमचं वेड लागलं म्हणायचे. शाळेच्या मागच्या खोलीत हे लोक काय खेळत बसतात ते मला ठाऊक होतं, त्यामुळे मी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही.

जैतू मूळचा जव्हार तालुक्यातल्याच वांगणीकडचा. घरची जमीन नव्हती, आजा-पणजाच्या वेळीही नव्हती. पाऊस सरला की सगळं घर भिवंडीकडं वीटभट्टीवर जायचं. बाप तिकडंच वारला. मिसरूड फुटायच्या वयात जैतू मुंबईला दारूखाना बंदरावर कामाला लागला. तिथं मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान विकतात. त्याला ठेवलं होतं लोखंड उचलायला, पण तो खलाशांच्या खोल्यांतून निघालेले टीव्ही आणि टेप उघडून बघत बसायचा. शेवटी तिथल्या केरळी मिस्त्रीनंच त्याला हाताखाली घेतलं. खलाशी करमणुकीसाठी गेम बाळगत. जपानी जहाजातून जपानी यंत्र निघायचं, नॉर्वेच्या जहाजातून युरोपातलं. शेठच्या लेखी ती पोरांची खेळणी होती. जैतूनं ती मागून घेतली.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास वावर-वांगणीची नावं पेपरात आली. कुपोषणानं पोरं गेली ती बातमी. आपल्या गावाचं नाव छापलेलं जैतूनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याची आई रामी गावात आता एकटीच उरली होती. त्यानं मुंबईचं काम सोडलं, तिला घेऊन जव्हारला आला आणि गोणीभर यंत्रांसकट टपरीत बसला. टपरीच्या मागं एक खोली होती, तेच घर.

ही परदेशी यंत्रं आपल्याकडं सरळ चालत नाहीत. जपानी यंत्राला आपली वीज सोसत नाही, थेट लावलं तर धूर निघतो. अमेरिकन यंत्राचं चित्र आपल्या टीव्हीवर काळंपांढरं येतं आणि वरखाली सरकत राहतं. जपानी गेमची कॅसेटसारखी डबी अमेरिकन यंत्रात बसत नाही, कारण खाचेत दोन प्लास्टिकचे दात मुद्दाम ठेवलेले असतात. जैतूनं ते दात कापून टाकले होते. "गुरुजी, आत समदा सारखाच हाय. दोन दातांपायी भांडन," तो म्हणायचा. सगळ्यात मजा त्याला युरोपच्या यंत्राची. तोच गेम तिकडच्या यंत्रात हळू चालायचा, गाणंसुद्धा पेंगत वाजायचं. आधी त्याला वाटलं यंत्र आजारी आहे. मग कळलं की तिकडच्या टीव्हीचा ठोकाच सावकाश. दोन टीव्ही शेजारी लावून तो मला दाखवायचा, जपानी गडी उडी मारून खाली आलेला आणि युरोपचा अजून हवेतच. इतका हसायचा की डोळ्यांना पाणी यायचं. एखाद्याला देशोदेशीचे पक्षी आवडावेत तशी त्याला ही यंत्रं आवडायची.

मग त्याचं पुतळीशी लग्न झालं. पुतळी जामसरची, रोजानं शेतावर जाणारी. दुसऱ्याच्या शेतात लावणी, दुसऱ्याच्या शेतात कापणी. तिला उड्या मारायचे गेम अजिबात जमायचे नाहीत. गडी खड्ड्यात पडला की ती गड्यालाच शिव्या घालायची. एक दिवस जैतूनं जपानी गेमची एक डबी लावली. त्यात एक शेतकरी होता, पडीक जमीन होती, दगड आणि गवत. दगड फोडायचे, नांगरायचं, बी टाकायचं, पाणी घालायचं. अक्षरं सगळी जपानी. त्या अक्षरांपुढं मी, जैतू आणि पुतळी तिघंही अंगठेबहाद्दर. पण पुतळीला कुणी काही सांगावं लागलं नाही. तिनं दगड बाजूला केले आणि नांगराला हात घातला.

कामावरून आली की हातपाय धुऊन ती शेतावर बसायची. रामी मागं बसून हुकूम सोडायची. "तो कोपरा सुका ऱ्हाला गं." पीक आलं की पुतळी कडेची एक ओळ कापायचीच नाही. ती तशीच वाळून जायची. मी चिडवलं, "ही कुणासाठी ठेवलीस?"

"सरव्याला," ती म्हणाली.

कापणी झाल्यावर शेतात पडलेलं धान्य वेचायला बिनजमिनीची माणसं येतात, तो सरवा. तिनं स्वतः लहानपणापासून वेचलेला.

"अगं, टीव्हीत कोण येणार वेचायला?"

"येल कोनीतरी. माज्यासारका." आणि ती पुन्हा पाणी घालायला लागली.

तिची एकच तक्रार होती, गेममधला दिवस फार लवकर मावळतो, कामं उरकत नाहीत. जैतूनं त्या जपानी यंत्राचं पोट उघडून पाठीमागं एक खटका बसवला. खटका दाबला की यंत्र युरोपच्या चालीनं चालायचं. पुतळीच्या शेतावरचा सूर्य जरा सावकाश बुडायला लागला. मी पुष्कळ नवरे बघितलेत, बायकोसाठी दिवस लांबवणारा हा एकच.

शेजारपाजारच्या बायकांशी बोलताना रामी "आमचा शेत" म्हणायची. आधी लोक हसले, मग सवय झाली. मला कधी हसू आलं नाही. माझ्या घरी जमीन आहे, दोन भावांत तिच्यावरून बोलणं बंद आहे. यांचं शेत काचेच्या मागं होतं आणि तिघं गुण्यागोविंदानं कसत होते.

एका श्रावणात पुतळीला कावीळ झाली. आधी झाडपाला झाला, मग दवाखाना झाला, उशीर झाला होता. पोळ्याच्या आधी ती गेली. मूलबाळ नव्हतं.

त्यानंतर जैतू रोज सकाळी दुकान उघडण्याआधी यंत्र लावायचा. पुतळीनं शेवटी ठेवलं होतं तसं शेत दिसायचं. पीक कापलेलं, कडेची ओळ उभी. तो शेतकऱ्याला एक पाऊलही हलवायचा नाही. रामी शेजारी येऊन बसायची. थोडा वेळ बघायचे आणि बंद करायचे. देवाला दिवा लावावा तेवढाच वेळ.

त्या डबीत शर्टाच्या बटणाएवढा एक सेल असतो. यंत्र बंद असलं की सगळं शेत त्या सेलवर जगतं. सेल संपला की शेत पुसलं जातं. जैतूच्या इतर डब्या एकामागून एक कोऱ्या व्हायला लागल्या तसा तो घाबरला. त्यानं पुतळीच्या डबीला मीटर लावला आणि माझ्याकडं आला. "गुरुजी, सेल बसत चाललाय. पुतळीचा शेत मला ठेवायचा हाय. दुसरा कायच नाय मागत."

त्याच्याजवळ तिचा फोटोही नव्हता. लग्नात एक काढलेला, तो पावसात भिजून गेला होता. तिचं म्हणावं असं या जगात जे उरलं होतं ते त्या डबीत.

उपाय त्याला माहीत होता. यंत्र चालू ठेवायचं, म्हणजे डबीला यंत्राकडून वीज मिळत राहते. तेवढ्यात जुना सेल काढून नवा सोल्डरनं डागायचा. मधे यंत्र बंद पडलं तर खेळ खलास. तेव्हा भारनियमन जोरात होतं, वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून त्यानं जीपवाल्याकडून बॅटरी मागून आणली आणि यंत्र आणि एक छोटा टीव्ही तिच्यावर जोडला. डबीचे स्क्रू भलत्याच आकाराचे. मीटर लावायच्या वेळीच त्यानं बॉलपेनची नळी तापवून मऊ केली होती, स्क्रूवर दाबून साचा घेतला होता आणि त्याचाच पाना केला होता. सगळी तयारी झाली. ऑक्टोबरचे दिवस होते, गावात भातकापणी चालू होती, त्यामुळे गिऱ्हाईक नव्हतं.

त्या दुपारी मी शेजारच्या सोम्याच्या हॉटेलात चहा पीत होतो. जैतू घाईनं आत आला. हातात सोल्डरिंग आयर्न. वीज गेली होती. यंत्र बॅटरीवर छान चालू होतं, जुना सेल त्यानं काढलाही होता, पण डाग द्यायचं आयर्न थंड पडलं. म्हणून तो त्याचं टोक सोम्याच्या चुलीत तापवायला आला. जुने मिस्त्री असंच करतात. सोम्या म्हणाला, "काय रं, वांगा भाजतोस का?" जैतू हसला. फार दिवसांनी हसताना बघितलं मी त्याला.

"दुकानात कोण आहे?" मी विचारलं.

"आये हाय. लक्ष ठेव सांगितलाय."

टोक लाल होत आलं होतं. आणि परतीच्या पावसाचा एक ढग माथ्यावर कडाडला. हॉटेलातले कप वाजले.

जैतूचा चेहरा एकदम उतरला. मला कळायला थोडा वेळ लागला. आमच्याकडं दर वर्षी या दिवसांत वीज पडून टीव्ही जळतात. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला जैतू बजावायचा, गडगडलं की सगळ्या वायरी ओढून काढा, एक ठेवू नका. रामीनं हे इतक्या वेळा ऐकलं होतं की तो बाहेर असला तर ती स्वतःच सगळ्या वायरी काढायची. आजवर एकदाही चुकली नव्हती.

तो तापलेलं आयर्न घेऊन पळाला. मी मागोमाग.

रामी टपरीत उभी होती. दोन्ही हातांत बॅटरीच्या वायरी. टीव्ही काळा. ती आमच्याकडं बघून हसली.

"काढल्या रं. एक बी ठेवली नाय. केवढा कडाडला! तुजा यंत्र वाचला, पुतळीचा शेत वाचला."

माझा जन्म पोरांच्या चुका काढण्यात गेला. तोंड उघडलंच होतं मी. जैतूनं माझ्याकडं बघितलं आणि मी ते मिटलं.

"बरा केलास, आये," तो म्हणाला.

मग तो खाली बसला. आयर्न अजून गरम होतं. त्यानं नवा सेल जागेवर धरला आणि डाग दिला, स्वच्छ, चकचकीत. डबी बंद केली, स्क्रू पिळले. रामी कौतुकानं बघत होती. "लाव आता, बघू," ती म्हणाली. त्यानं छोट्या टीव्हीच्या मागं उगाच हात घातला. "टीव्ही बसला वाटतं, आये. करीन मागनं."

ती पाणी आणायला गेली तेव्हा त्यानं यंत्र लावलं. दगड आणि गवत. मधे शेतकरी उभा, नवाकोरा. जैतूनं लगेच बंद केलं. मला रडू आलं. गेममधलं शेत गेलं म्हणून मास्तर रडला असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

पुढं वीज आली तरी त्याच्या दुकानातला एकही टीव्ही पुतळीच्या यंत्राला चालेना. आईला तो तसंच सांगायचा. आज पिक्चर ट्यूब गेली, उद्या पार्ट मिळत नाही, परवा मुंबईहून मागवलाय. बाजारात थट्टा सुरू झाली, साऱ्या तालुक्याचे टीव्ही करतो आणि याला घरचा जमत नाही. काही गिऱ्हाइकं खरंच तुटली. तो ऐकून घ्यायचा. बाकीची यंत्रं त्यानं हळूहळू भंगारवाल्याला देऊन टाकली. मी फार भांडलो, अमेरिकेचं तरी ठेव म्हटलं, पण त्यानं ऐकलं नाही. मोबाइल आले तेव्हा तो चार्जर आणि कव्हरं विकायला लागला. गिऱ्हाईक उभं असलं तरी मान वर करायचा नाही.

रामी मात्र सुखात होती. कुठल्याही लग्नात, हळदीला, पाणवठ्यावर ती हीच गोष्ट सांगायची. कशी वीज कडाडली, कशी तिनं धावत जाऊन वायरी ओढल्या, कसं सुनेचं शेत वाचवलं. आयुष्यात तिच्या हातून काही वाचलं असं तिला हे एकच वाटत होतं. नवरा भट्टीवर गेला, जैतूच्या पाठचं एक मूल त्या बातमीच्या साली गेलं, सून डोळ्यांदेखत गेली. बायका मान डोलवायच्या. जैतू जवळ असला तर तोही डोलवायचा.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात रामीनं अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो तेव्हा ती बारीक झाली होती, पण शुद्धीत होती. मला ओळखलं, बसायला सांगितलं. मग जैतूकडं बघत म्हणाली, "मी आता चालली पुतळीकडं. तिला सांगन, तुजा शेत हाय तसाच हाय. मी वाचवला."

जैतू तिचे पाय चेपत होता. त्यानं हात थांबवले नाहीत.

"सांग, आये," तो म्हणाला.